तळमजला कोणाचा?

मिश्र वापराची इमारत म्हणजे राहणे, नोकरी-धंदा, खरेदी, शिक्षण, औषधपाणी यांतल्या दोन किंवा अधिक गोष्टी एकाच बांधकामात सामावून घेणारी इमारत. खाली दुकानाचा गाळा, त्यावर पोटमाळा आणि वर बिऱ्हाडे ही रचना गिरगावातल्या रस्त्यालगतच्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. रोमजवळच्या ओस्तिया बंदराच्या अवशेषांत दुसऱ्या शतकातल्या बहुमजली इमारती आहेत, त्यांच्याही तळाशी दुकानेच आहेत. फारकत झाली ती विसाव्या शतकात. कारखान्यांच्या धुरापासून घरे दूर राहावीत या रास्त हेतूने शहरांचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पाडले गेले आणि त्यासोबत इमारतीही एकेका कामापुरत्या झाल्या. कचेऱ्यांचा भाग संध्याकाळनंतर ओस पडू लागला, वसाहती दुपारभर पेंगू लागल्या आणि दोहोंच्या मधल्या रस्त्यावर रोज दोनदा माणसांचा लोंढा वाहू लागला. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या पुस्तकात या विभागणीच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. एखादा भाग जिता-जागता राहायचा तर तिथे वेगवेगळ्या कामांसाठी, वेगवेगळ्या वेळी घराबाहेर पडणारी माणसे हवीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या दशकांत नगररचनाकारांनी मिश्र वापराला हळूहळू पुन्हा जवळ केले.

मात्र दुकान, कचेरी आणि घर एकावर एक रचले की शहर तयार झाले, असे होत नाही. तिन्हींची दारे वेगळी, लिफ्ट वेगळ्या, पहारेकरी वेगळे असतील तर ती एकाच प्लॉटवरची तीन बंद घरे ठरतात. चाळीत आणि वाड्यात घर, दुकान आणि रस्ता यांची जोडणी आपोआप साधत होती, कारण ओटा, पडवी, जिन्याचा चौथरा, सामाईक गॅलरी या जागा धड घरातल्या नव्हत्या आणि धड रस्त्यावरच्याही नव्हत्या. आजच्या मोठ्या इमारतीत अशी जागा मुद्दाम घडवावी लागते. काही विकत न घेता, कारण न सांगता, कोणालाही घटकाभर बसता येईल ती जागा सार्वजनिक, ही तिची साधी कसोटी. या कसोटीला उतरणारी जागा इमारतीच्या पोटात कशी आणायची, हा रचनेतला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग आहे.

मुंबईत या प्रश्नाचे एक जुने आणि उत्तम उत्तर उभे आहे. १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली गेल्यावर तिच्या कडेचा हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, रुंद होत गेला. १८९६ च्या नियमाने या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींची ओवरी सोडणे बंधनकारक केले. मग कोणी गॉथिक शैलीत बांधले, कोणी अभिजात युरोपीय शैलीत, कोणी भारतीय घुमट-छज्ज्यांची सरमिसळ केली. वरचे मजले ज्याच्या त्याच्या आवडीचे, खालची ओवरी मात्र एका इमारतीतून दुसरीत शिरत पुढे जाणारी. जमीन मालकाची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. उन्हात सावली, पावसात आडोसा आणि चालणाऱ्याच्या हाताशी दुकाने, एवढे सगळे एका पट्टीतून मिळाले. नियमाने सौंदर्याविषयी उपदेश केला नव्हता. इतकी जागा, रस्त्याच्या पातळीला, शेजाऱ्याच्या जागेला जोडून मोकळी ठेवा, एवढेच त्याचे मागणे होते. सव्वाशे वर्षांनंतरही ती ओवरी वापरात आहे, आणि नंतरच्या काळातल्या किती तरी महागड्या चौकांना ते जमलेले नाही.

न्यूयॉर्कची कहाणी याच्या उलट दिशेने सुरू होते. १९५८ साली पार्क ॲव्हेन्यूवर वास्तुरचनाकार मीस व्हान डर रोह यांनी फिलिप जॉन्सन यांच्यासह रचलेली सीग्राम इमारत उभी राहिली. रस्त्याच्या कडेला भिडण्याऐवजी ती मागे सरकून उभी होती आणि पुढे दगडी फरसबंदीचा प्रशस्त चौक होता. लोक त्या चौकाच्या कठड्यांवर टेकून बसू लागले. शहराला ही गोष्ट इतकी भावली की १९६१ च्या बांधकाम नियमावलीत तिचे बक्षीस ठरले. सर्वांत दाट भागात जो विकासक एक चौरस फूट चौक लोकांसाठी सोडेल, त्याला दहा चौरस फूट जादा बांधकाम करता येईल. एवढा घसघशीत मोबदला कोण सोडणार? चौकांचे पीक आले. त्यांतले बरेचसे मात्र उघडे, वाऱ्याचे, बसायला एक कट्टाही नसलेले होते. नियमाने क्षेत्रफळ मागितले होते आणि बिल्डरांनी क्षेत्रफळच दिले.

हे का झाले, याचा छडा शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी लावला. १९७० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चौकांवर कॅमेरे रोखून माणसे मोजली. कोण कुठे थांबतो, किती वेळ बसतो, सावली सरकली की कोण उठतो, हे दिवसदिवस टिपले. निष्कर्ष वरकरणी फारच साधा निघाला: जिथे बसायला जागा असते, तिथे माणसे बसतात. त्याच्या जोडीला ऊन-सावली, झाड, पाणी, खाण्याची गाडी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रस्त्याशी जवळीक. रस्त्यापासून बरेच खाली किंवा बरेच वर नेलेले चौक रिकामे राहत होते, कारण आत काय आहे हे बाहेरून चालणाऱ्याला दिसत नव्हते आणि पायऱ्या चढून पाहायला जाण्याइतके कारण त्याच्याजवळ नव्हते. या अभ्यासानंतर १९७५ साली न्यूयॉर्कने नियम बदलले आणि दर तीस चौरस फूट चौकामागे एक फूट लांबीची बैठक बंधनकारक केली. तरीही जुन्या चौकांचे ओझे शहराच्या माथी राहिले. अभ्यासक जेरॉल्ड केडन यांनी २००० साली शहराच्या नियोजन खात्याच्या साथीने अशा ५०३ खासगी मालकीच्या सार्वजनिक जागांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४१ टक्के जागा जेमतेम दर्जाच्या ठरल्या.

जागा उत्तम असूनही वाट चुकली की काय होते, ते फ्रान्समधल्या मार्सेय शहरात दिसते. वास्तुरचनाकार ल कोर्बुझिए यांची ‘युनिते दाबितासिओं’ ही १९५२ साली पूर्ण झालेली १८ मजली इमारत आणि तिच्यातली ३३७ घरे वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. तिच्या गच्चीवर मुलांची शाळा, पोहण्याचा उथळ तलाव आणि व्यायामाची जागा आहे, आणि मध्यावर, सातव्या-आठव्या मजल्यांवर, दुकानांची अंतर्गत गल्ली आहे. गच्ची गाजली, दुकानांची गल्ली मात्र धडपडत राहिली. किराणा-भाजीच्या दुकानाला नुसत्या एका इमारतीतल्या कुटुंबांवर तग धरता येत नाही. त्याला रस्त्यावरून जाता-जाता आत डोकावणारे गिऱ्हाईक लागते. सातव्या मजल्यावर कोणी जाता-जाता येत नाही. लोकांच्या रोजच्या वाटेवर नसलेली जागा कितीही देखणी असो, ती पाहुण्यासारखी एकटी पडते.

रस्त्यालाच आत बोलावण्याचा सुंदर नमुना ब्राझीलमधल्या साव पावलो शहरात आहे. आवेनिदा पावलिस्ता या मुख्य रस्त्यावरचे ‘कोंजुंतो नासिओनाल’ हे संकुल १९५० च्या दशकात दाविद लिबेस्किंद या पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या वास्तुरचनाकाराने आखले. संपूर्ण चौकोनी भूखंडावर पसरलेला दुकानांचा बुटका भाग, त्याच्या छतावर बाग आणि वर घरे व कचेऱ्यांची उंच इमारत अशी त्याची मांडणी आहे. खरी करामत तळमजल्यावर आहे. बाहेरच्या पदपथावर काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची फरसबंदी आहे, आणि तीच फरसबंदी पायरी न ओलांडता इमारतीच्या आतल्या गल्ल्यांत शिरते. चालणाऱ्याला आपण पदपथ सोडून कोणाच्या मालकीच्या जागेत आलो हे कळतच नाही. एका रस्त्याने शिरून तो दुसऱ्या रस्त्याला बाहेर पडतो, वाटेत दुकाने पाहतो, पावसापासून वाचतो. इमारत त्याच्या वाटेत आडवी आली नाही, तिने त्याची वाट जवळची केली. अशा गोष्टी नकाशावर आधी आखाव्या लागतात. कुठल्या बस थांब्यावरून लोक येतात, शाळा कुठे सुटते, बाजाराकडे जाणारी आडवाट कोणती, हे पाहून मगच खांब कुठे रोवायचे ते ठरवायचे.

मिश्र वापर आणि सार्वजनिक जागा यांची सर्वांत विचारपूर्वक घातलेली सांगड अलीकडच्या काळात सिंगापूरमध्ये पाहायला मिळते. ‘कांपुंग ॲडमिरल्टी’ हे त्या इमारतीचे नाव; मलय भाषेत कांपुंग म्हणजे गाव. सिंगापूरचे बहुसंख्य नागरिक गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या इमारतींत राहतात. त्या इमारतींचा तळमजला कित्येक दशके खांबांवर मोकळा सोडण्याची तिथे पद्धत आहे. लग्ने, अंत्यविधीच्या आधीची सांत्वने, म्हाताऱ्यांचे पटावरचे खेळ हे सगळे तिथेच चालते. देश झपाट्याने वयस्क होत चालला, तेव्हा मंडळाने ठरवले की वृद्धांची घरे, दवाखाना, पाळणाघर, खाण्याची ठिकाणे आणि बाग यांसाठी वेगवेगळे प्लॉट न देता सगळे एकाच जागी बांधायचे. जागा होती जेमतेम ०.९ हेक्टर, म्हणजे सव्वादोन एकर, आणि उंचीची मर्यादा ४५ मीटर. वोंग मुन सम आणि रिचर्ड हॅसेल यांच्या ‘वोहा’ या संस्थेने रचना केली. लोक राहायला आले २०१७ मध्ये. २०१८ साली जागतिक वास्तुकला महोत्सवात तिला वर्षातली सर्वोत्तम इमारत म्हणून गौरवण्यात आले.

जागा कमी आणि उंचीला कुलूप, त्यामुळे या इमारतीची सारी बुद्धी तिच्या उभ्या छेदात आहे. उभा छेद म्हणजे इमारत माथ्यापासून पायापर्यंत कापली असती तर दिसले असते ते चित्र. रचनाकारांनी त्याला थरांच्या सँडविचची उपमा दिली होती. सर्वांत खाली लोकांचा चौक, मध्ये वैद्यकीय केंद्र, वर बाग, आणि बागेच्या कडेने उभ्या दोन अकरा मजली इमारतींत एकट्या वृद्धांसाठी किंवा वृद्ध जोडप्यांसाठी १०४ छोटी घरे. ॲडमिरल्टीचे मेट्रो स्थानक अगदी शेजारी आहे. स्थानकातून बाहेर पडणारा माणूस सहज या चौकात शिरतो. चौकाला भिंती नाहीत, फाटक नाही. डोक्यावर इमारतीचा मधला भागच छत्रीसारखा आहे, म्हणून विषुववृत्तीय ऊन आणि वरचेवर येणारा पाऊस दोन्ही बाहेर राहतात आणि वारा मात्र आरपार वाहतो.

चौकाच्या वरच्या पातळीवर खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांचे मोठे सभागृह आहे, सुमारे नऊशे आसनांचे. अशी ‘हॉकर सेंटर’ हा सिंगापूरच्या जगण्याचा गाभा. २०२० मध्ये युनेस्कोने त्या संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. स्वस्त, गरम जेवण हे रोज घराबाहेर पडण्याचे भक्कम कारण आहे, आणि म्हणूनच ते चौकाला चिकटून ठेवलेले आहे. त्याच्या वरच्या थरात वैद्यकीय केंद्र. तपासणीच्या खोल्या आणि वाट पाहण्याच्या जागा बाहेरच्या खिडक्यांतून आणि मधल्या उघड्या अंगणातून उजेड घेतात. रुग्णाला खाली चौकातली वर्दळ आणि वर बागेची हिरवळ दिसते. नंबर लागेपर्यंत पांढऱ्या भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाला हा फरक सांगायला नको.

बागेत लहान मुलांचे पाळणाघर आणि वृद्धांचे केंद्र शेजारी-शेजारी आहेत. आजी-आजोबा आणि नातवंडांच्या वयाची मुले रोज एकमेकांच्या नजरेला पडतात, एवढीच त्यामागची योजना आहे आणि ती पुरेशी आहे. भाजीपाला लावायला वाफे आहेत, ते रहिवाशांनी सांभाळायचे. घरांच्या सामाईक दारांपाशी बाके ठेवलेली आहेत, शेजाऱ्याने दाराबाहेर येऊन बसावे म्हणून. बाक ही या इमारतीतली सर्वांत स्वस्त वस्तू असेल, पण वाड्याच्या ओट्याचे काम तिथे तीच करते. छतांवरची, सज्ज्यांवरची सगळी झाडी मोजली तर तिचे क्षेत्रफळ मूळ जमिनीपेक्षा जास्त भरते. पावसाचे पाणी झाडीच्या चरांतून गाळून साठवले जाते आणि बागेलाच घातले जाते.

कागदावर हे थर नीटस दिसतात. बांधताना प्रत्येक थर वरच्या आणि खालच्या थराशी भांडतो, आणि मिश्र वापराच्या इमारतीचा खर्च वाढतो तो इथेच. पहिले भांडण खांबांचे. घरांच्या खोल्या तीन-चार मीटरच्या; त्यांचे खांब आणि भिंती सरळ खाली आणल्या तर चौकात खांबांचे जंगल होईल. वाहनतळाला त्याहून वेगळे अंतर लागते, कारण दोन खांबांमध्ये दोन किंवा तीन गाड्या बसल्या पाहिजेत. त्यामुळे घरांच्या तळाशी अतिशय खोल तुळया घालून वरच्या अनेक खांबांचा भार खालच्या मोजक्या खांबांवर वळवावा लागतो. कंत्राटदार याला ट्रान्सफर बीम किंवा ट्रान्सफर स्लॅब म्हणतात. एकेक तुळई माणसाच्या उंचीइतकी खोल असू शकते, आणि तिच्यामुळे जवळजवळ एक मजला खर्ची पडतो.

जाणते रचनाकार तोच मजला दुसऱ्या भांडणावर तोडगा म्हणून वापरतात. हे भांडण पाण्याचे आणि सांडपाण्याचे. पन्नास घरांच्या संडास-न्हाणीघरांचे नळ दवाखान्याच्या छतातून खाली येऊ देणे कोणालाच परवडणार नाही. एक सांधा गळला तर खालचा विभाग बंद ठेवावा लागेल. म्हणून सगळे पाइप तुळयांच्या मजल्यावर आडवे फिरवून एका-दोन मोठ्या डक्टमधून खाली नेतात, आणि दुरुस्तीसाठी माणूस उभा राहील एवढी जागा तिथे ठेवतात. खाद्यगृहाच्या धुराचे उलटे असते. तो चौकात सोडला तर लोक उठून जातात, घरांच्या खिडक्यांखाली सोडला तर भांडणे होतात. त्याला स्वतंत्र धुराड्याने थेट माथ्यावर न्यावे लागते, आणि त्या धुराड्याची जागा पहिल्या आराखड्यातच राखून ठेवली नसेल तर ती पुढे कधी सापडत नाही.

बागेचे वजन हा असाच हिशेबाचा विषय. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरतात. गर्दी जमणाऱ्या जागेवर त्याच्या दुप्पट-अडीचपट. ओली माती मीटरभर खोल घातली तर दर चौरस मीटरला दीड-दोन टनांचे ओझे होते, आणि झाड म्हणावे असे झाड वाढायचे तर तेवढी खोली लागतेच. म्हणून मोठी झाडे खांबांच्या डोक्यावर, मधल्या भागात गवत आणि वाफे, अशी लागवड स्लॅब पाहून करायची असते. मातीखालचा जलरोधक थर, मुळे अडवणारा पडदा आणि पाण्याच्या निचऱ्याचा उतार यांत काटकसर केली की पहिल्याच पावसाळ्यानंतर खालच्या छतावर ओल उमटते. मग गळती थांबवायला बाग उखडतात आणि गच्चीवर पत्रा चढतो. पत्रा चढला की बागही गेली आणि सार्वजनिक जागाही गेली.

आग आणि लिफ्ट यांचे नियम वेगळे सांगायला हवेत. घरे, दवाखाना आणि बाजार यांचे सुटकेचे जिने एकमेकांवर अवलंबून ठेवता येत नाहीत. खाटेवरचा रुग्ण, ऐंशी वर्षांची आजी आणि खाद्यगृहातली गर्दी एकाच जिन्यात आली तर अनर्थ होईल. अग्निशमन दलाची गाडी इमारतीला भिडेल एवढा रस्ता लागतो, आणि चौक आखताना तो रस्ता फरसबंदीखाली पक्का करून ठेवावा लागतो. लिफ्टच्या बाबतीत छोटीशी चूक सगळ्या कष्टांवर पाणी फिरवते. वरच्या बागेला जाणारी लिफ्ट घरांच्या प्रवेशदालनात, पहारेकऱ्याच्या टेबलामागे ठेवली, तर कायद्याने बाग सर्वांची असूनही व्यवहारात ती रहिवाशांची होते. बागेची लिफ्ट चौकातून, लांबूनही दिसली पाहिजे आणि तिच्या दाराशी कोणाची परवानगी मागावी लागता कामा नये. जिना असेल तर तो रुंद, उजेडाचा आणि मधे टेकायला चौथरे असलेला हवा. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार मागच्या दाराने देणे हा अपमानच आहे. तो मुख्य वाटेचाच भाग असला पाहिजे.

कोणते वापर एकत्र आणायचे, हे ठरवताना घड्याळ समोर ठेवतात. पहाटे व्यायामाला येणारे, आठला मुलांना सोडणारे, दहाला दवाखान्यात नंबर लावणारे, दुपारी जेवायला उतरणारे कर्मचारी, चारला शाळेतून परतणारी मुले, संध्याकाळी भाजी घेणारे आणि रात्री जेवणानंतर पाय मोकळे करणारे, अशी दिवसाची साखळी तुटू न देणारे मिश्रण चांगले. नुसत्या कचेऱ्या आणि खाली बँक एवढेच असेल तर सहानंतर चौकात चिटपाखरू दिसत नाही. चित्रपटगृहाची गर्दी मोठी, पण ती एकदम येते आणि एकदम जाते. घरांवरून खाली नजर असणे फार उपयोगाचे. रात्री चौकावर चार खिडक्यांचा उजेड पडला तर तिथे बसायला भीती वाटत नाही. पण त्याच खिडक्यांना रात्री अकराचा ढोल-ताशा सहन होत नाही, म्हणून गाण्या-वाजवण्याचा कोपरा घरांपासून दूर, शक्यतो कचेऱ्यांच्या बाजूला ठेवतात.

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी हवामानाचा धडा वेगळा आहे. मुंबईत वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस, दोन हजार मिलिमीटरांहून अधिक, चार महिन्यांत कोसळतो आणि तो सरळ पडत नाही. छत जितके उंच तितकी पावसाची झड आत येते. दोन मजली उंचीचे भव्य प्रवेशद्वार चित्रात शोभते, जुलैत मात्र त्याच्याखाली उभे राहणारा चिंब भिजतो. दादाभाई नौरोजी मार्गाच्या ओवऱ्यांची मर्यादित उंची आणि कमानींचे खाली उतरणारे खांदे याच झडीला अडवतात. उन्हाळ्यासाठी दगडी कट्ट्यावर सावली लागते, नाही तर तो तव्यासारखा तापतो. न्यूयॉर्कमध्ये लोक ऊन शोधत बसतात. नागपुरात किंवा सोलापुरात तोच चौक जसाच्या तसा बांधला तर एप्रिलमध्ये तिथे कोणी फिरकणार नाही.

मुंबईतली गेल्या काही दशकांची बांधकामे मात्र ओवरीपासून दूर गेली. गाड्या ठेवण्यासाठी खाली चार-पाच, कधी त्याहून जास्त मजल्यांचे पोडियम, त्याच्या माथ्यावर रहिवाशांची बाग आणि वर मनोरे, ही रचना सर्रास झाली. बाग आहे, पण रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला पोडियमची आंधळी भिंत आणि जाळ्यांमधून येणारी गरम हवा. मनोरंजनासाठी सोडायची मोकळी जागा पोडियमवर दाखवली तर चालेल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने नियमाप्रमाणे किमान सोडावयाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, असा निकाल दिला. ती जागा अर्थात त्या संकुलातल्या रहिवाशांची असते, सर्वांची नसते. पण झाडाला खरी माती आणि मुलाला खरे अंगण मिळावे, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. जादा चटई क्षेत्राचे बक्षीस मुंबईच्या नियमांनाही अपरिचित नाही. सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्याला ते देण्याची तरतूद आहे. तेच बक्षीस ओवरी, कट्टे आणि आरपार जाणारी वाट यांसाठी दिले, आणि न्यूयॉर्कचा अनुभव लक्षात घेऊन क्षेत्रफळाबरोबर बैठक, सावली, रस्त्याची पातळी आणि उघडे राहण्याच्या वेळा यांचीही अट घातली, तर गाड्यांना मिळते ते चालणाऱ्यांनाही मिळू शकेल.

शेवटचा मुद्दा मालकीचा आणि झाडलोटीचा, आणि तो आराखड्याइतकाच रचनेचा भाग आहे. कांपुंग ॲडमिरल्टीत गृहनिर्माण मंडळाने पुढाकार घेऊन आरोग्य, उद्याने, पर्यावरण, वाहतूक अशा अनेक सरकारी यंत्रणांना एका इमारतीत आणले. प्रत्येक खात्याने आपापल्या प्लॉटवर आपापली इमारत बांधली असती तर चौकही झाला नसता आणि बागही झाली नसती, कारण ‘मधली जागा’ कोणत्याच खात्याच्या अंदाजपत्रकात नसते. त्यामुळे दिव्यांचे बिल कोण भरणार, लिफ्ट बंद पडली तर कोणाला कळवायचे, गळकी कुंडी कोणी बदलायची, कार्यक्रमाची परवानगी कोण देणार, हे बांधकाम सुरू होण्याआधी करारात लिहावे लागते. दुकानांच्या भाड्यातला ठरलेला हिस्सा देखभालीसाठी बांधून ठेवला तर चौक पुढेही झाडला जातो.

खासगी मालकीच्या जागेवर लोकांचा हक्क किती खोल असतो, हे २०११ साली न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये दिसले. तो चौक जादा बांधकामाच्या मोबदल्यात मिळालेला होता आणि परवानगीच्या अटीप्रमाणे चोवीस तास उघडा ठेवायचा होता. शहराच्या स्वतःच्या बागा रात्री बंद होतात. म्हणून वॉल स्ट्रीटच्या विरोधातले आंदोलक या खासगी चौकात १७ सप्टेंबरपासून १५ नोव्हेंबरपर्यंत मुक्काम करू शकले. अशा जागांच्या प्रवेशाशी एक पाटी लावण्याचा न्यूयॉर्कचा नियम आहे. ही जागा लोकांसाठी खुली आहे, ती कोणत्या वेळेत उघडी असते आणि तिथे काय-काय असणे बंधनकारक आहे, हे त्या पाटीवर लिहिलेले असते. कट्ट्यावर बसलेल्या माणसाला पहारेकऱ्याने उठवायचा प्रयत्न केला, तर त्याला बोट दाखवता येते ते त्या पाटीकडे.